योहान गॅडोलिन : एमआरआयच्या इंजेक्शनमागचे नाव

एमआरआयची अर्धी तपासणी झालेली असते. टेबल बाहेर येते, टेक्निशियन तुमच्या हातात लावलेल्या सुईला सिरिंज जोडतात आणि आता कॉन्ट्रास्ट देतोय, हलू नका, असे सांगतात. हातात किंचित गार वाटते, कुणाला तोंडात धातूसारखी चव येते, आणि टेबल पुन्हा आत जाते. त्या पाण्यासारख्या स्वच्छ औषधात गॅडोलिनियम नावाचा धातू असतो.

पहिल्या वेळी कुणी औषधाचे नाव विचारत नाही. चौथ्या-पाचव्या वेळी मात्र विचारतात. मल्टिपल स्क्लेरोसिस असलेली तरुण मुलगी, मेंदूतली गाठ काढलेले वडील, मेंदूच्या टीबीवर उपचार चालू असलेला भाऊ, यांच्या फाइलमध्ये अशा तपासण्या साचत जातात. मग घरातले कुणीतरी मोबाइलवर वाचते की हे गॅडोलिनियम मेंदूत साठून राहते, आणि पुढच्या तपासणीच्या आदल्या दिवशी फोन येतो.

थोडक्यात उत्तर आधी देतो, म्हणजे पुढचे शांतपणे वाचता येईल. होय, अत्यंत अल्प प्रमाणात गॅडोलिनियम मेंदूत राहू शकते. किडन्या चांगल्या असल्या तरी राहू शकते. त्यामुळे मेंदूला इजा होते, असे मात्र आजवर सिद्ध झालेले नाही. आणि किती राहते हे बरेचसे कोणत्या प्रकारचे औषध दिले यावर ठरते.

आता ज्यांचे नाव या धातूला मिळाले त्या माणसाची ओळख करून देतो. गंमत अशी की त्यांनी हा धातू आयुष्यात कधी पाहिला नाही. तरीही त्यांची गोष्ट सांगावीशी वाटते, कारण एखादी गोष्ट सापडणे आणि ती कळणे यांत किती वर्षे जाऊ शकतात हे त्यांच्या कामात फार स्पष्ट दिसते. तुमच्या प्रश्नाचे उत्तर आज त्याच मधल्या जागेत आहे.

गणिताकडून रसायनाकडे

योहान गॅडोलिन यांचा जन्म ५ जून १७६० रोजी फिनलंडमधील टुर्कू शहरात झाला. स्वीडिश भाषेत या शहराला ओबू म्हणतात. त्या काळी फिनलंड हा स्वीडनच्या राज्याचा भाग होता. वडील याकोब गॅडोलिन तिथल्या विद्यापीठात आधी भौतिकशास्त्राचे आणि पुढे धर्मशास्त्राचे प्राध्यापक होते आणि नंतर ते बिशप झाले. आईचे वडील योहान ब्रोवालियस हेही प्राध्यापक, निसर्गअभ्यासक आणि बिशप. वनस्पतींना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसशी त्यांची मैत्री होती. म्हणजे घरात देवघर आणि प्रयोगशाळा यांचे भांडण नव्हते. दोन्ही बाजूंनी विद्वत्ता वारशात आलेली.

आडनावाचीही एक छोटी कथा आहे. घराण्याचे मूळ नाव एका फिनिश शेतवाडीवरून आलेले, माउनुला. त्या नावाच्या मुळाशी मोठा या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. शिकलेल्या पूर्वजाने तोच अर्थ असलेला हिब्रू शब्द घेतला, गदोल, आणि त्यावरून गॅडोलिन झाले. तुमच्या एमआरआयच्या रिपोर्टमध्ये असा एक हिब्रू शब्द लपलेला आहे.

पंधराव्या वर्षी योहान विद्यापीठात गेले ते गणित शिकायला. गणित काही फार रुचले नाही. ते रसायनशास्त्राकडे वळले आणि १७७९ मध्ये स्वीडनमधील उप्साला इथे टॉर्बर्न बर्गमन यांच्याकडे शिकायला गेले. खनिजाचे विश्लेषण कसे करावे, म्हणजे एखादा दगड आम्लात विरघळवून, गाळून, तापवून, वजन करून त्यात काय काय आणि किती आहे हे कसे शोधावे, यात बर्गमन त्या काळी युरोपात अग्रगण्य होते. त्यांच्या हाताखाली गॅडोलिन यांनी लोखंडाच्या विश्लेषणावर प्रबंध लिहिला. बर्गमन १७८४ मध्ये वारले. त्यांच्या जागेसाठी गॅडोलिन यांनीही अर्ज केला होता, पण निवड दुसऱ्याची झाली. चोविशीतल्या तरुणाला हे लागले असेलच. ते टुर्कूला परतले आणि १७८५ मध्ये तिथे बिनपगारी जादा प्राध्यापक झाले. पगाराची कायम जागा मिळायला त्यानंतर बारा वर्षे जावी लागली.

मधल्या काळात, १७८६ ते १७८८, ते डेन्मार्क, जर्मनी, हॉलंड, इंग्लंड आणि आयर्लंड फिरून आले. भाषा त्यांना भरपूर येत. स्वीडिश मातृभाषा, शिवाय लॅटिन, फिनिश, रशियन, जर्मन, इंग्रजी आणि फ्रेंच. त्या प्रवासात त्यांनी तिथल्या रसायनतज्ज्ञांबरोबर प्रत्यक्ष काम केले आणि नव्या विचारांचे वारे जवळून पाहिले.

तेव्हा रसायनशास्त्रात मोठा वाद चालू होता. जळणाऱ्या प्रत्येक वस्तूतून फ्लॉजिस्टन नावाचा पदार्थ बाहेर पडतो, असे जुने मत होते. गॅडोलिन यांचे गुरू बर्गमन त्याच मताचे. पॅरिसमध्ये लाव्हाझिए सांगत होते की असे काही नसते, जळणे म्हणजे हवेतील ऑक्सिजनशी संयोग. गॅडोलिन यांनी वजने तपासली, प्रयोग केले आणि नव्या मताच्या बाजूने आले. पुढे १७९८ मध्ये त्यांनी स्वीडिश भाषेत लिहिलेले रसायनशास्त्राचे पाठ्यपुस्तक हे त्या सगळ्या उत्तरेकडच्या देशांतील फ्लॉजिस्टन बाजूला ठेवणारे पहिले पाठ्यपुस्तक ठरले. गुरूवर प्रेम असूनही गुरूचे मत सोडता येते, हे वैद्यकातही रोज लागणारे कौशल्य आहे. आम्हा डॉक्टरांना ते नेहमी जमते असे नाही.

त्यांची आणखी एक सवय मला आवडते. नुसती व्याख्याने न देता ते विद्यार्थ्यांच्या हातात काचेची भांडी देत. असे करणाऱ्या सुरुवातीच्या शिक्षकांत त्यांची गणना होते. विद्यार्थ्यांना ते स्वतःची खासगी प्रयोगशाळाही वापरू देत. वाफ थंड करून तिचे पाणी करण्याच्या यंत्रात, म्हणजे कंडेन्सरमध्ये, थंड पाणी वाफेच्या उलट दिशेने वाहू दिले तर काम फार चांगले होते, हे त्यांनी १७९१ मध्ये वडिलांच्या रचनेत सुधारणा करून दाखवले. कॉलेजात आपण असाच कंडेन्सर वापरतो तो लीबिगच्या नावाने. नावे कुणाला मिळतील याचा नेम नसतो.

काळा दगड

स्टॉकहोमजवळ रेसारो नावाच्या बेटावर इटरबी हे एक छोटे गाव आहे. तिथे फेल्डस्पारची खाण होती. चिनी मातीची भांडी बनवायला तो दगड लागे. कार्ल आक्सेल अरेनियस नावाच्या लष्करी लेफ्टनंटला खनिजांचा छंद होता. त्याला १७८७ मध्ये या खाणीत एक काळा, कोळशासारखा दिसणारा, पण हातात घेतल्यावर विलक्षण जड लागणारा दगड सापडला. दगडाचे तुकडे जाणकारांकडे गेले. त्यातला एक गॅडोलिन यांच्याकडे आला.

त्यांनी १७९२ पासून त्यावर काम केले आणि १७९४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्या हिशेबाने शंभर भागांत ३१ भाग सिलिका, १९ भाग ॲल्युमिना, १२ भाग लोखंडाचे ऑक्साइड निघाले. उरले ३८ भाग, आणि ते ज्ञात असलेल्या कशाशीच जुळेनात. पाण्यात न विरघळणाऱ्या, तापवून न बदलणाऱ्या अशा पदार्थांना त्या काळी मृदा म्हणत. ही एक नवीनच मृदा दिसत होती.

इथे दुसरा कुणी असता तर डंका पिटला असता. गॅडोलिन यांनी तसे केले नाही. नव्या मृदांची संख्या आधीच फार वाढत चालली आहे, त्यात आपण आणखी एक घाईने घालावी का, याचा त्यांना संकोच होता. हाती असलेल्या मोजक्या दगडावरून जेवढे म्हणता येते तेवढेच त्यांनी म्हटले आणि पुढची खात्री इतरांवर सोडली. एकेबर्ग या स्वीडिश रसायनतज्ज्ञाने १७९७ मध्ये तपासणी करून ती मृदा नवीनच असल्याचे पक्के केले. इटरबीवरून तिला इट्रिया हे नाव पडले. १८०० मध्ये जर्मनीतील क्लाप्रोट यांनी त्या काळ्या दगडालाच गॅडोलिन यांचे नाव दिले, गॅडोलिनाइट.

आता पुढचा भाग नीट वाचा, कारण पुढे तुमच्या स्कॅनकडे येताना तो लागणार आहे.

गॅडोलिन यांचे विश्लेषण त्या काळच्या मानाने उत्तम होते, आणि तरी त्यात दोन गोष्टी दडून राहिल्या. पहिली, त्यांनी ॲल्युमिना म्हणून लिहिलेले १९ भाग हे ॲल्युमिना नव्हते. ते बेरिलियमचे ऑक्साइड होते. दोन्ही पदार्थ रासायनिक वागणुकीत इतके सारखे की एकाला दुसरे समजावे. शिवाय बेरिलियमचे ऑक्साइड वेगळे असते हेच १७९८ पर्यंत कुणाला माहीत नव्हते. जे अस्तित्वात आहे हेच ठाऊक नाही, ते कुणी कसे शोधणार?

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. त्यांची ३८ भागांची एक मृदा ही एक नव्हतीच. ती जुळ्या भावंडांसारखी दिसणाऱ्या अनेक मूलद्रव्यांच्या ऑक्साइडांची खिचडी होती. मोसांडर यांनी १८४३ मध्ये इट्रियातून तीन वेगळ्या मृदा काढल्या. गॅडोलिन तेव्हा ८३ वर्षांचे होते आणि हयात होते. नंतरच्या काळात आणखी भावंडे निघत गेली. इट्रियम, टर्बियम, अर्बियम आणि इटर्बियम या चार मूलद्रव्यांची नावे त्या एका चिमुकल्या इटरबी गावावरून आली आहेत. आज बातम्यांत आपण ज्यांना रेअर अर्थ किंवा दुर्मिळ मृदा म्हणून ऐकतो ते हेच कुटुंब. त्यातले एक, मारिन्याक यांना १८८० मध्ये जिनिव्हात चाहूल लागलेले आणि १८८६ मध्ये फ्रान्समधील लेकोक द बुआबोद्रां यांनी वेगळे करून नाव दिलेले, म्हणजे गॅडोलिनियम. खनिजावरून मूलद्रव्याला नाव, आणि खनिजाला माणसाचे. स्वतः गॅडोलिन तोवर जाऊन ३४ वर्षे झाली होती.

आग आणि उतारवय

गॅडोलिन यांना अखेर १७९७ मध्ये टुर्कू इथे रसायनशास्त्राचे कायम प्राध्यापकपद मिळाले. लग्न त्याआधीच झाले होते. हेडविग माग्दालेना टिलेमन आणि त्यांना नऊ मुले झाली. हेडविग यांच्या निधनानंतर वयाच्या ५९व्या वर्षी त्यांनी एब्बा पालांडर यांच्याशी दुसरा विवाह केला. १८०९ मध्ये फिनलंड स्वीडनकडून रशियाकडे गेले. प्राध्यापक त्याच शहरात, त्याच खोलीत राहिले आणि राजा बदलला. १८२२ मध्ये ६२व्या वर्षी ते निवृत्त झाले, तरी खनिजांचा अभ्यास चालू होता. रासायनिक घटकांनुसार खनिजांचे वर्गीकरण करणारा त्यांचा ग्रंथ १८२५ मध्ये निघाला.

सप्टेंबर १८२७ मध्ये टुर्कू जळाले. ही आग फिनलंडच्या इतिहासात आजही मोठी आग म्हणूनच ओळखली जाते. बहुतेक शहर, विद्यापीठ, ग्रंथालय राख झाले. गॅडोलिन यांची प्रयोगशाळा आणि आयुष्यभर जमवलेला खनिजसंग्रह त्यात गेला. विद्यापीठ पुढच्या वर्षी हेलसिंकीला हलवले गेले. ६७ वर्षांच्या माणसाने पुन्हा सुरुवात करावी असे काही उरले नव्हते. त्यांचे संशोधन तिथेच थांबले. त्यानंतरही ते पंचवीस वर्षे जगले आणि १५ ऑगस्ट १८५२ रोजी, ९२ वर्षांचे असताना वारले.

धातू शिरेत कसा आला

गॅडोलिनियमच्या आयनात सात इलेक्ट्रॉन एकेकटे, बिनजोडीचे असतात. त्यामुळे चुंबकीय क्षेत्रात तो आसपासच्या पाण्याच्या कणांवर जोरदार प्रभाव टाकतो, आणि एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रात, ज्याला टी-वन म्हणतात, तो भाग पांढरा उजळतो. निरोगी मेंदूभोवती रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक घट्ट पहारा असतो. औषध तो सहसा ओलांडत नाही. जिथे गाठ, गळू, टीबीची गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरोसिसचा ताजा डाग असतो तिथे पहारा मोडलेला असतो, औषध झिरपते आणि तेवढीच जागा उजळते. कित्येक वेळा उपचाराचा निर्णय त्या एका उजळलेल्या ठिपक्यावर होतो. म्हणून हे औषध महत्त्वाचे आहे.

पण मोकळे गॅडोलिनियम विषारी आहे. त्याच्या आयनाचा आकार कॅल्शियमच्या आयनाजवळ जातो, आणि शरीरात कॅल्शियमच्या वाटा तो अडवतो. म्हणून त्याला एका सेंद्रिय रेणूत बांधून ठेवतात. बांधण्याचे दोन प्रकार आहेत. एकात लांब साखळी धातूभोवती गुंडाळलेली असते, याला लिनिअर म्हणतात. दुसऱ्यात धातू बंद पिंजऱ्यात बसवलेला असतो, याला मॅक्रोसायक्लिक म्हणतात. साखळी सुटू शकते. पिंजरा सहजासहजी उघडत नाही. हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढचे बहुतेक सगळे यावर आहे.

असे पहिले औषध, गॅडोपेंटेटेट, १९८८ मध्ये बाजारात आले. ते लिनिअर होते. किडन्या चांगल्या असतील तर एका दिवसात ९० टक्क्यांहून जास्त औषध लघवीवाटे निघून जाते, हे मोजलेले होते. उरलेल्याचा विचार कुणी फारसा केला नाही. पहिला धक्का २००६ मध्ये बसला. डायलिसिसवरच्या किंवा किडन्या जवळजवळ निकामी झालेल्या काही रुग्णांची त्वचा आणि सांधे दगडासारखे कडक होत होते. या आजाराचे नाव नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिस, आणि त्याचा संबंध गॅडोलिनियमच्या औषधांशी, मुख्यतः काही लिनिअर औषधांशी, जोडला गेला. तेव्हापासून इंजेक्शनआधी किडनीचा आजार विचारतात आणि गरज असेल तर क्रिएटिनिन तपासतात. ही काळजी घेतल्यावर तो आजार आता फारच क्वचित दिसतो.

मेंदूतला पांढरेपणा

दुसरी बातमी २०१४ मध्ये जपानमधून आली. तिथल्या रेडिओलॉजिस्टांनी जुन्या तपासण्या पुन्हा काढून पाहिल्या. ज्यांना सहा किंवा अधिक वेळा कॉन्ट्रास्ट दिले होते अशा रुग्णांच्या मेंदूतील दोन ठिकाणे, लहान मेंदूतील डेंटेट न्यूक्लियस आणि मेंदूच्या खोल भागातील ग्लोबस पॅलिडस, त्या दिवशी इंजेक्शन न देताही उजळ दिसत होती. ज्यांचे तितकेच स्कॅन कॉन्ट्रास्टशिवाय झाले होते त्यांच्यात तसे नव्हते.

हा पांढरेपणा आधीही चित्रांत होता. हजारो डॉक्टरांनी ती चित्रे पाहिली होती, मीही पाहिली असतील. तो आजारामुळे, रेडिएशनच्या उपचारामुळे असेल असे समजून पुढे जात होतो. गॅडोलिन यांच्या १९ भाग ॲल्युमिनासारखेच हे. ओळखीच्या खात्यात टाकून दिले.

पुढच्याच वर्षी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील डॉक्टरांनी मृत्यूनंतरच्या तपासणीत मेंदूचे नमुने पाहिले. किमान चार वेळा लिनिअर औषध मिळालेल्या १३ जणांच्या मेंदूत गॅडोलिनियम सापडले, एका ग्रॅम ऊतीमागे ०.१ ते ५८.८ मायक्रोग्रॅम. डोस जितके जास्त तितके प्रमाण जास्त. कधीच औषध न मिळालेल्या दहा जणांत ते नव्हते. त्या १३ जणांच्या किडन्या चांगल्या होत्या, हे विशेष. आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या जागी पेशी मेल्याच्या, सूज आल्याच्या ठळक खुणा दिसल्या नाहीत, हेही तितकेच विशेष.

त्यानंतरच्या अभ्यासांनी चित्र बरेच स्पष्ट केले. हाडांत आणि त्वचेत मेंदूपेक्षा जास्त गॅडोलिनियम राहते. मॅक्रोसायक्लिक औषधांनंतर ते अगदी थोडे राहते, लिनिअरनंतर बरेच जास्त. २०१७ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने गॅडोडायमाइड आणि गॅडोव्हर्सेटामाइड ही लिनिअर औषधे थांबवली, शिरेतून देण्याचे गॅडोपेंटेटेटही थांबवले. लिव्हरच्या तपासणीसाठी लागणारी दोन लिनिअर औषधे, गॅडोझेटेट आणि गॅडोबेनेट, तेवढ्या कामापुरती ठेवली, कारण तिथे त्यांचे वेगळे उपयोग आहेत. अमेरिकेच्या नियामक संस्थेने औषधे बाजारात ठेवली, पण सर्वांवर गॅडोलिनियम शरीरात राहण्याचा इशारा घातला आणि रुग्णांना माहितीपत्रक देणे बंधनकारक केले. एकच पुरावा, दोन निर्णय. दोघांचेही एका मुद्द्यावर एकमत होते, की मेंदूत राहिलेल्या गॅडोलिनियममुळे आजार झाल्याचा थेट पुरावा नाही. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात वृद्ध रुग्णांच्या मोठ्या नोंदी तपासल्या, तेव्हा गॅडोलिनियम मिळालेल्यांत पार्किन्सनसारखा आजार वाढलेला आढळला नाही.

काही लोक मात्र सांगतात की इंजेक्शननंतर महिनोन्महिने हाडांत दुखते, त्वचेवर जळजळ होते, डोक्यात धुके भरल्यासारखे वाटते. त्यांना कुणी वेड्यात काढू नये, असे मला ठामपणे वाटते. त्यांची तक्रार नोंदवली पाहिजे आणि तिची इतर कारणेही शोधली पाहिजेत, कारण थायरॉइड, ब जीवनसत्त्वाची कमतरता किंवा मूळ आजार यांमुळेही असेच होते. पण गॅडोलिनियमच कारणीभूत आहे, असे आजचा पुरावा म्हणत नाही. ही ३८ भागांची मृदा अजून पूर्ण उलगडलेली नाही.

आता तुमच्या फाइलपुरते

तुम्हाला एक-दोनदा असे इंजेक्शन मिळाले असेल तर काळजीने झोप घालवू नका. आयुष्यभर वारंवार लागणार असेल, विशेषतः तरुण वयात किंवा लहान मुलाला, तर तीन प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे आणि चांगले डॉक्टर त्यावर रागावणार नाहीत. या वेळी कॉन्ट्रास्ट खरेच हवे आहे का? मल्टिपल स्क्लेरोसिसच्या नेहमीच्या पाहणीत जुन्या स्कॅनशी तुलना केली तर नवा डाग पुष्कळदा कॉन्ट्रास्टशिवायही कळतो, आणि आताच्या मार्गदर्शक सूचना त्याच दिशेने गेल्या आहेत. काही संथ वाढणाऱ्या गाठींतही असे करता येते, सगळ्यांत नाही. दुसरा प्रश्न, औषध मॅक्रोसायक्लिक आहे का? गॅडोबुट्रॉल, गॅडोटेरेट आणि गॅडोटेरिडॉल ही त्या प्रकारची नावे आहेत. तिसरा, माझी किडनी कशी आहे? गर्भवती असाल किंवा तशी शक्यता असेल तर स्वतःहून आधीच सांगा. अगदी अडल्याशिवाय गर्भारपणात हे औषध देत नाहीत.

एक गोष्ट मात्र करू नका. कॉन्ट्रास्टची भीती वाटते म्हणून डॉक्टरांशी न बोलता तपासणी टाळू नका. ऑपरेशननंतर गाठ परत आली का, टीबीची गाठ औषधाने विरते आहे का, हे कळायला उशीर झाला तर होणारे नुकसान ठोस आणि माहीत असलेले आहे. गॅडोलिनियमच्या अंशाने होणारे नुकसान अजून कुणाला दाखवता आलेले नाही. त्याचप्रमाणे गॅडोलिनियम बाहेर काढतो म्हणून चिलेशनची सलाइन लावणाऱ्यांकडे जाऊ नका. त्याने मेंदूतला साठा कमी होऊन फायदा होतो हे सिद्ध नाही, आणि चुकीच्या औषधाने रक्तातले कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते.

आणि नोंद ठेवा. आपल्याकडे स्कॅन एका सेंटरला, पुढचा दुसऱ्या शहरात, फिल्म गावच्या कपाटात, अशी परिस्थिती असते. रिपोर्टवर बहुधा फक्त कॉन्ट्रास्ट दिले एवढेच लिहिलेले असते. एका वहीच्या पानावर तारीख, शरीराचा कोणता भाग, औषधाचे पूर्ण नाव, किती मिली आणि त्या वेळचे क्रिएटिनिन लिहा. नाव माहीत नसेल तर टेक्निशियनकडून बाटलीवरचे लेबल पाहून घ्या. जुन्या तपासण्यांची नावे सेंटरला फोन करून मागता येतात. हे पान फाइलच्या पहिल्या पारदर्शक कप्प्यात ठेवा, म्हणजे पुढच्या डॉक्टरांना ते आधी दिसेल.